हरवली आहे, जांभळी शाल: वेन्स्लीडेलमधले पाच दिवस

सातारच्या एका दैनिकात मी एकतीस वर्षं तालुक्याचं पान लावलं. पतसंस्थेची सभा, यात्रेचं वेळापत्रक, दुःखद निधन, वकिलांच्या जाहीर नोटिसा, कुणाची तरी एसटीत राहिलेली मार्कशीट. पुण्याचे मित्र हसायचे. मी म्हणायचो, बाबांनो, पहिलं पान रद्दीत जातं, कात्रण निघतं ते माझ्या पानाचं. निवृत्तीनंतर लीड्सला लेकीकडे गेलो, तेव्हा तिने विचारलं, “बाबा, लंडन की स्कॉटलंड?” म्हटलं, मला इकडचं तालुक्याचं पान बघायचंय. तिने कपाळावर हात मारला आणि उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्समध्ये (डेल म्हणजे खोरं), वेन्स्लीडेल खोऱ्यातल्या हॉज नावाच्या गावी खोली घेऊन दिली. सप्टेंबरचा पहिला आठवडा. आम्ही दोघंच, मी आणि ही.

सोमवार

लीड्सहून कार्लाइलच्या गाडीत बसलो. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल आला तेव्हा सगळा डबा खिडकीला चिकटला, आम्हीही. त्यानंतर डेंट, मग गार्सडेल. गार्सडेलला आमच्यासह चौघं उतरली. स्टेशन म्हणजे डोंगराच्या कुशीत दोन फलाट, वारा आणि कुत्र्याचा एक पुतळा.

कुत्र्याचा पुतळा बघून ही म्हणाली, “अहो, खंडोबाचा आहे का?” तशीच श्रद्धेची गोष्ट निघाली. १९८०च्या दशकात ही सेटल–कार्लाइल लाईन बंद करायची ठरली. तसं करायचं तर स्टेशनांवर नोटीस लावावी लागते आणि प्रवाशांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकतींचा पाऊस पडला. त्यात एक हरकत या रस्सप नावाच्या कॉली जातीच्या मेंढपाळ कुत्र्याची, सहीच्या जागी पंजाचा ठसा! तो मालकाबरोबर तिकिटाने प्रवास करायचा, म्हणून त्याची हरकत ग्राह्य धरली. १९८९ साली लाईन वाचली. पुढच्याच वर्षी मालक वेल्सच्या डोंगरात वारला, तर रस्सप ऐन थंडीत अकरा आठवडे त्याच्या देहापाशी बसून राहिला. ही बराच वेळ पुतळ्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मी मात्र नोटिशीच्या विचारात अडकलो. आमच्याकडे ‘हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे’ हे वाक्य मी हजारो वेळा छापलं असेल. कळवणारा एकही कुत्रा मला कधी भेटला नाही.

स्टेशनवरून हॉजला नेते ती लिटल व्हाइट बस. पांढरी, छोटी, आपल्या वडापपेक्षा थोडीच मोठी. चालवणारे बहुतेक गावकरी स्वयंसेवक. आमचे ड्रायव्हर सत्तरीचे. त्यांनी हिची बॅग उचलली आणि म्हणाले, “माइंड द स्टेप, लव्ह.” ही दचकून माझ्याकडे बघायला लागली. यॉर्कशरमध्ये सगळ्यांनाच असं म्हणतात, हे लेकीने सांगितलं होतं. ते हिला सांगायला मी अंमळ उशीर केला.

(जाणाऱ्यांसाठी: प्रत्येक गाडीला बस जोडून नसते. आधी बसचं वेळापत्रक बघा, मग रेल्वेचं तिकीट काढा. उलटं केलंत तर गार्सडेलला सोबतीला फक्त रस्सप.)

संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, तरी गावचा सूचनाफळा बघायला बाहेर पडलोच. गावात फळे एकूण पाच सापडले. लाकडी चौकट, पुढे काच, आत हिरवं कापड. पॅरिश कौन्सिलचा (म्हणजे इकडच्या ग्रामपंचायतीचा) फळा कुलपात, बाकीचे उघडे. उघड्या फळ्यांवर टाचण्यांची एवढी टंचाई की एकेका टाचणीखाली तीन-तीन कागद. वहीत उतरवून घेतलं ते असं: डॉमिनोज ड्राइव्ह (ठिपक्यांच्या सोंगट्यांच्या खेळाची स्पर्धा), शनिवारी, बक्षिसं, चहा. पाय-अँड-पीज (मांस भरलेली पेस्ट्री आणि वाटाणे) जेवण, छपराच्या निधीसाठी. धुराडी साफ करून मिळतील. घरातली सेप्टिक टाकी उपसून मिळेल. महिला मंडळात व्याख्यान, विषय मधमाश्या. कुत्रा दोरीला बांधा, कुरणात गुरं आहेत. आणि एका शोकाकुल घराचे आभार: आलेल्या सर्वांचे, चहा करणाऱ्या बायकांचे, आणि बर्फातून शवपेटी नेणाऱ्यांचे. म्हणजे कागद गेल्या हिवाळ्यातला. सात-आठ महिने कुणी तो काढला नव्हता.

मंगळवार

हॉजला मंगळवार म्हणजे आठवडी बाजार. १६९९ साली राजा तिसऱ्या विल्यमने सनद दिली तेव्हापासूनचा. चौकात ताडपत्रीखाली मासे, भाज्या, गालिचे, बूट. पण खरी गर्दी गावाबाहेरच्या ऑक्शन मार्टमध्ये, म्हणजे जनावरांच्या लिलावबाजारात. आदल्या संध्याकाळी फळ्यावर वाचलं होतं, ‘म्यूल गिमर कोकरांचं प्रदर्शन आणि विक्री’. म्यूल म्हणजे खेचर हे पक्कं ठाऊक असल्याने खेचरं बघायच्या तयारीनेच गेलो. खेचर एकही नाही! स्वेलडेल मेंढी आणि ब्लूफेस्ड लेस्टर मेंढा यांच्या संकराला इकडे म्यूल म्हणतात, आणि गिमर म्हणजे अजून न व्यालेली तरुण मेंढी. एवढं समजून सांगणाऱ्या आजोबांनी शेवटी विचारलं, “तुमच्याकडे मेंढ्या आहेत?” म्हटलं, माणदेशात आहेत, आणि त्यांच्यामागे चालणारे धनगर आहेत. किती चालतात? कोकणात उतरतात, पावसाळ्यात परत चढतात. आजोबांनी शेजारच्याला कोपराने डिवचलं आणि ते त्यालाही ऐकवायला लावलं.

लिलाव म्हणजे गोल रिंगण, भोवती लाकडी पायऱ्या, उंचावर बसलेला लिलाववाला. त्याची बोली म्हणजे मशीनगन. घेणारे मात्र तोंडाने काही बोलत नाहीत. एखादी भुवई उचलतात, कागदाची गुंडाळी हलवतात. मी नाक खाजवायलाही घाबरत होतो. हा मार्ट शेतकऱ्यांच्याच मालकीचा आहे. मेंढ्या मोजण्याचे जुने शब्द कुणाला येतात का विचारलं, तर तेच आजोबा सुरू झाले: यान, टान, टेदर, मेदर, पिप. पाचाला पिप! आता मोजताना कुणी वापरत नाही, पण नातवंडांना पाठ करून घेतात.

दुपारी चीजच्या कारखान्यात. वेन्स्लीडेल चीज इथल्या खोऱ्यात बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठवासीयांनी आणलं असं सांगतात. १९३०च्या दशकात कारखाना बुडायला आला, तेव्हा किट कॅल्व्हर्ट नावाच्या स्थानिक गृहस्थाने शेतकऱ्यांना गोळा करून तो वाचवला. १९९२ साली तेव्हाच्या मालक कंपनीने तो बंद केला, ५९ जणांचं काम गेलं, आणि चीज करायचं ठरलं शेजारच्या लँकेशरमध्ये! लँकेशर आणि यॉर्कशर यांचं वैर पंधराव्या शतकातल्या गुलाबांच्या युद्धांपासूनचं. कोल्हापूरच्या गुळावर सांगलीचा शिक्का मारण्यापेक्षाही वाईट. सहाच महिन्यांत जुन्या व्यवस्थापकांनी गावातल्या माणसांना धरून कारखाना परत घेतला आणि मोजक्या जुन्या कामगारांनिशी सुरू केला.

इथे फ्रूटकेकबरोबर चीजचा तुकडा देतात. गोडाबरोबर खारट, भुसभुशीत, किंचित आंबट. हिने आधी नाक मुरडलं, मग दुसरा तुकडा मागितला. ॲपल पायबद्दल तर म्हण आहे, चीजशिवायचा पाय म्हणजे मिठीशिवायचा मुका. वाढणाऱ्या मुलीने ती आम्हाला ऐकवली. आम्ही दोघांनीही खिडकीबाहेर बघितलं.

पोस्टात गेलो तर पोस्टाच्याच खोलीत वाचनालय. त्याच लोकांची ती पांढरी बस. गावातला पेट्रोल पंपही तेच चालवतात. जे-जे बंद पडायला आलं ते एका संस्थेने उचललं, आणि संस्था म्हणजे हीच चारदोन माणसं, सकाळी पोस्टाच्या काउंटरमागे आणि दुपारी बसच्या स्टिअरिंगमागे. काउंटरवर अप्पर वेन्स्लीडेल न्यूजलेटरचा गठ्ठा होता. गावकरीच काढतात, फुकट वाटतात. मी दोन उचलले, एक वाचायला, एक ठेवायला.

रात्री ही म्हणाली, “अहो, माझी शाल?” जांभळी, बारीक सोनेरी काठाची, लेकीच्या लग्नातली. मार्टच्या पायरीवर, चीजच्या दुकानात, की पोस्टात? आठवेना.

बुधवार

सकाळी दुकानात कार्ड लावायला गेलो. आठवड्याला पन्नास पेन्स. एकतीस वर्षं लोकांच्या जाहिराती कापल्या, पण स्वतःची लिहायला बसलो तर अर्धं पान झालं: शालीचा रंग, काठ, लेकीचं लग्न, भावनिक मूल्य. दुकानातल्या बाईंनी चष्मा लावून वाचलं, पेन घेतलं आणि सगळं खोडून तीन ओळी ठेवल्या. हरवली, मंगळवारी. जांभळी शाल. पोस्टात कळवा. फोन नंबर नाही, नाव नाही. “कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे,” बाई म्हणाल्या. गावात जांभळ्या शालीच्या आम्ही दोघंच होतो हे खरंच होतं. टाचणी मात्र त्यांनी दुसऱ्या कार्डाची काढून दिली.

मग म्यूकर शो. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी पलीकडच्या स्वेलडेल खोऱ्यात भरतो. आमच्या घरमालकीणबाई निघाल्याच होत्या, मांडीवर लेमन कर्डची, म्हणजे लिंबाच्या घट्ट गोड मुरंब्याची बाटली. त्या स्पर्धेत होत्या. गाडी बटरटब्ज खिंडीतून गेली. रस्त्याकडेला चुनखडकातले खोल खड्डे आहेत. बाजाराला जाणारे शेतकरी उकाड्यात लोण्याची भांडी त्यात सोडून गार ठेवत, अशी आख्यायिका. २०१४ साली टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत याच चढावरून गेली. बाई म्हणाल्या, त्या दिवशी या डोंगरावर जितकी माणसं होती तितकी त्यांनी आयुष्यात एकत्र पाहिली नव्हती.

शो म्हणजे एक कुरण, दोन-तीन तंबू आणि दिवसभराचा पाऊस-ऊन-पाऊस. छापील पुस्तिकेत स्पर्धांचे शेकडो वर्ग: तीन स्कोन, एकाच बशीत. पाच कांदे, सोललेले नकोत. शिंगाच्या मुठीची काठी. मुलांसाठी भाजीपासून प्राणी. परीक्षक आत असताना तंबू बंद, बाहेर सगळे स्पर्धक उगीचच आभाळाकडे बघत. दार उघडलं तशा बायका आत घुसल्या, अगदी बारावीच्या निकालासारख्या. आमच्या बाईंचा तिसरा नंबर. पहिल्या बाटलीकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच हिला म्हणाल्या, ही बाई कॉर्नफ्लोअर घालते.

स्वेलडेल मेंढ्यांना पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मातीने रंगवून आणतात, लोकर गडद दिसावी म्हणून. आमच्याकडे बेंदराला बैलांची शिंगं रंगवतात, ते हिने मोबाईलवर फोटो काढून एका शेतकऱ्याला दाखवलं. तो गंभीरपणे म्हणाला, “तुमचे जास्त देखणे आहेत. पण परीक्षक मान्य करणार नाहीत.” म्यूकर सिल्व्हर बँड वाजत होता. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली तेव्हा, १८९७ साली निघालेला. तुतारीवाल्याच्या बाजूला चौदाएक वर्षांची एक मुलगी वाजवत होती, पावसाचे थेंब वहीवर पडले की बाहीने पुसत.

(शोला जाणार असाल तर गमबूट न्या. प्रवेशासाठी आणि चहासाठी रोख ठेवा. शेतांच्या फाटकांवर अंडी, जॅम ठेवलेले असतात, शेजारी पैशांचा डबा. सुटे नसले तर सरळ पुढे जा, मी एकदा डब्यात हात घालून सुटे घेतले आणि दिवसभर चोरासारखं वाटत राहिलं.)

गुरुवार

खोऱ्यातल्याच बेनब्रिज गावाला गेलो. तिथे शिंग फुंकायची पद्धत आहे. जुन्या काळी खोऱ्यात घनदाट रान होतं, अंधारात वाट चुकलेल्यांना गावाचा अंदाज यावा म्हणून सप्टेंबरअखेरीपासून हिवाळा सरेपर्यंत रोज रात्री शिंग वाजायचं. रान गेलं, शिंग राहिलं. आम्ही तीन आठवडे आधी पोचलो, त्यामुळे ऐकायला मिळालं नाही. बेन नदीवर पाण्यात फिरणारा आर्किमिडीजचा स्क्रू मात्र चालू होता. गावकऱ्यांनी शेअर काढून २०११ साली बसवला, त्यातून वीज होते. त्याचा आवाज झोप लागेल असा.

परतताना घोळ झाला, आणि चूक माझीच. स्टॉपवरच्या वेळापत्रकात एका बसपुढे बारीक अक्षरं होती, म्हणजे ती फक्त शाळा बंद असतानाच्या दिवसांत. सुट्टी त्याच आठवड्यात संपली होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या तळटिपा शोधल्या. चाळीस मिनिटं पावसात उभं राहिल्यावर एका जीपवालीने गाडी थांबवली. मागे दोन कॉली कुत्री, पुढे आम्ही दोघं, सगळ्यांना एकच वास. तिच्या बोलण्यातून कळलं की एप्रिल २०२५पासून सुट्टीपुरत्या घेतलेल्या दुसऱ्या घरांवरचा कौन्सिल टॅक्स (इकडची घरपट्टी) दुप्पट झालाय. सुट्टीपुरती घरं वाढली, शाळेत पोरं कमी झाली, म्हणजे बसलाही बसणारं कुणी उरत नाही. “तुमच्या बसचं कारण तेच,” ती म्हणाली. म्हणजे माझी तळटीपही शेवटी घरांच्या किमतींपाशी जाऊन पोचली.

रात्री मी शेजारच्या एका गावच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेला गेलो. अजेंडा फळ्यावर होता. कायद्याप्रमाणे तीन पूर्ण दिवस आधी लावावाच लागतो. सभा कुणालाही बसून ऐकता येते. तो हक्क देणारा १९६०चा कायदा मार्गारेट थॅचरबाईंनी खासदार म्हणून पहिल्याच भाषणात मांडला होता, हे मला तिथेच एका सदस्याने अभिमानाने सांगितलं, आणि शेजारच्याने तितक्याच ठामपणे मान फिरवली. पॅरिश कौन्सिलं १८९४ सालच्या कायद्याने आली. बिनपगारी सदस्य, एक पगारी क्लार्क. २०२३पासून जिल्ह्याचं कौन्सिल गेलं, सगळा कारभार दूरच्या मुख्य कचेरीत, नॉर्थॲलर्टनला. तेव्हापासून म्हणे रस्त्यावरच्या खड्ड्याचा मेल पाठवला की उत्तर येतं, पण खड्डा येऊन बघत कोणी नाही.

सभेत विषय: गवत कापणं, रस्त्यावर टाकायच्या मिठाची पेटी, लाल टेलिफोन बूथ रंगवणं. बूथ कंपनीकडून एक पौंडाला घेतलाय, आत डीफिब्रिलेटर (बंद पडलेलं हृदय झटक्याने सुरू करायचं यंत्र) आहे. मग कुत्र्यांच्या विष्ठेच्या पिशव्या लोक कुंपणाला लटकवून जातात, यावर पस्तीस मिनिटं. मी नागठाण्याच्या एका ग्रामसभेत असाच विषय एक तास ऐकलाय, फक्त तिथे डुकरं होती. आमची ग्रामसभा गाजते. इथे आवाज चढत नाही, उलट जितका राग तितका नम्रपणा. एक सदस्य दुसऱ्याला “विथ रिस्पेक्ट” म्हणाला, तेव्हा खोलीत सगळ्यांचा श्वास अडकला. शेवटी अध्यक्षांनी मला काही बोलायचंय का विचारलं. म्हटलं, फळ्याला टाचण्या कमी आहेत. क्लार्कने ते खरंच लिहून घेतलं.

शुक्रवार

सकाळी पेपर घेतले. डार्लिंग्टन अँड स्टॉकटन टाइम्स, १८४७चा, आणि क्रेव्हन हेरल्ड, १८५३चा. क्रेव्हन हेरल्डच्या पहिल्या पानावर २००९ सालापर्यंत बातम्याच नसत, नुसत्या जाहिराती. एकविसाव्या शतकात! हे कळल्यावर माझ्या मनातला संपादक खुर्चीत ताठ बसला. तालुक्याचं पान शेवटी का, असं मी आयुष्यभर विचारलं. इथे कुणीतरी दीडशे वर्षं ते पहिलं लावलं. आतलं वाचत गाडीची वेळ होईपर्यंत बसलो. मेंढ्यांचे भाव, गावोगावच्या फुलांच्या प्रदर्शनांचे निकाल, आणि निधनवार्तांखाली एक ओळ वारंवार: फुलं फक्त घरच्यांची, इच्छा असल्यास देणगी यॉर्कशर एअर ॲम्ब्युलन्सला. डोंगरात माणूस पडला की ते हेलिकॉप्टर येतं, आणि तेही लोकांच्या देणग्यांवरच उडतं.

(नकाशा हवा असेल तर ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल ३० घ्या. फोनला दऱ्यांमध्ये रेंज नसते. आणि स्थानिक पेपर आधी घ्या, शेवटच्या दिवशी नाही. मी तीच चूक केली.)

निघताना दुकानात डोकावलो. कार्ड होतं, शाल नव्हती. पोस्टातही नव्हती, मार्टमध्येही बाईंनी फोन करून विचारलं होतं. मी पुढच्या आठवड्याचे पन्नास पेन्स काढले, तर त्यांनी हाताने मागे सारले. किती दिवस ठेवाल, मी विचारलं.

“सापडेपर्यंत,” त्या म्हणाल्या. मग फळ्याकडे बघून जरा विचार केला. “किंवा टाचणी लागेपर्यंत.”